काडीनं लावलेलं कुंकू

"पेन्सिल देतोस का?" असं एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं "नाही" म्हणायचं, एवढाच खेळ होता. आमच्या नववी 'ब'ला तो काही केल्या जमेना.

पहिल्या जोडीतल्या पोरानं "घे की" म्हणून पेन्सिल देऊनच टाकली. दुसऱ्या जोडीतल्या पोरीनं नाही म्हणायच्या आधीच ओढणीत तोंड खुपसलं. ओझरकर मॅडम फळ्याला टेकून हसत होत्या, पण सोडत नव्हत्या.

मॅडम पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून दर गुरुवारी शेवटच्या दोन तासांना यायच्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी एक अघटित केलं होतं: मुलग्यांना ग्राउंडवर पाठवलं नव्हतं. आमच्या शाळेत वयात येण्याच्या या विषयाची एक ठरलेली रीत होती. वर्षातून एकदा नर्सबाई यायच्या, मुलग्यांना कबड्डीला सोडायचं, मुलींना हॉलमध्ये दारं-खिडक्या लावून बसवायचं. बाई जे सांगायच्या ते आम्हाला सुरू होऊन वर्ष उलटलेलं असायचं. विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा तर सर "सोपा आहे, घरी वाचा" म्हणून ओलांडून जायचे. अख्ख्या पुस्तकात तेवढा एकच धडा सोपा होता. मॅडमनी मात्र मुलं-मुली एकत्र बसवून फळ्यावर आकृती काढली, प्रत्येक अवयवाचं नाव हातापायाचं नाव घ्यावं तसं घेतलं, आणि दोन तासांत आमचं खिदळणं संपवलं.

"मगदूम, तू माग. चौगुले, तू नाही म्हण."

सुयोग मगदूम उठला. वर्गात पहिल्या तिघांत यायचा, वक्तृत्वाची ढाल आणायचा, शिक्षकांच्या गळ्यातला ताईत होता.

"पेन्सिल देतीस?"

"नाही," मी म्हटलं आणि हसले. भीतीनं हसले. भीतीनं हसणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. त्यातल्या बहुतेक बायका होत्या.

"ती काय म्हणाली, सुयोग?"

"नाही म्हणाली."

"मग?"

"पण हसली की, मॅडम."

वर्गात हशा पिकला. मॅडमनी तो संपू दिला.

"हसली तरी नाही म्हणजे नाही. मागणाऱ्यानं तोंड बघायचं नसतं, शब्द ऐकायचा असतो. आणि तृप्ती, का देत नाहीस हे तू सांगायची गरज नाही. नाहीला कारण जोडावं लागत नाही. म्हण परत."

मी परत म्हटलं. या वेळी हसू आलं नाही. सुयोग खाली बसला.

"मॅडम, कुणालापण नाही म्हणायचं?" मागून कुणीतरी विचारलं. "सरांनापण?"

"तुमच्या अंगाचा, तुमच्या मनाचा प्रश्न असेल तर कुणालाही."

"आईला?" हे मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"आईलासुद्धा," मॅडम म्हणाल्या.

तास सुटल्यावर मी रेंगाळले. मॅडम खडूचे हात झटकत होत्या. मी त्यांना सांगितलं की सुयोग मगदूम सायकल स्टँडमागं वाट अडवतो. मनगट धरतो. 'मला तू आवडतीस असं म्हण, मग सोडतो' म्हणतो. मी म्हणत नाही, म्हणून सोडत नाही. घंटा झाली की सोडतो.

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"मला सांगितलंस हे फार चांगलं केलंस," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. आपलं शिकवलेलं पोराला समजलं की मास्तरांचे डोळे चमकतात, तसे. मलाही त्या क्षणी फार मोकळं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मॅडम तडक कोळेकर सरांच्या ऑफिसात गेल्या. मी मागोमाग.

कोळेकर सर म्हणजे आमचे हेडमास्तर. माणूस वाईट नव्हता. पोरांच्या फिया स्वतःच्या खिशातून भरायचा, सहलीत पोरांबरोबर झिम्मा खेळायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले.

"एवढंच ना? याला आपल्याकडं औषध आहे."

औषध आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. राखी. राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी कोळेकर सर व्यासपीठावर ताट मांडायचे. वर्षभरात ज्या मुलग्याविषयी कुण्या मुलीची तक्रार असेल, किंवा नुसतं दोघांचं नाव भिंतीवर लिहिलेलं सापडलं असेल, त्याला पुढं बोलवायचं आणि तिच्या हातून राखी बांधून घ्यायची. अख्खी शाळा टाळ्या वाजवायची. 'राखी लागली' अशी म्हणच पडली होती आमच्यात. त्या दिवशी निम्मे मुलगे पोटदुखीनं घरी राहायचे. आम्ही मुली हसून बेजार व्हायचो. मीही हसले होते, आठवीपर्यंत.

"सर," मॅडम म्हणाल्या, "पण तिला नको असेल तर?"

"नको असायला काय झालं? भाऊ होतोय, नवरा नव्हे."

"पण चूक त्याची आहे. शिक्षा तिला कशी?"

"शिक्षा?" सरांना खरंच वाईट वाटलं. "मॅडम, नातं देतोय मी तिला. पोरीला भाऊ नाही, दोघी बहिणीच आहेत. आणि त्या पोराचं नाव काढून टाकलं तर त्याचं वर्ष जाईल, पोरीचं नाव गावभर होईल. काय साधलं?" मग ते जरा पुढं झुकले. "दोन पालक येऊन गेलेत माझ्याकडं. फळ्यावर तुम्ही काय काढता, ते विचारत होते. मी म्हटलं, बाई चांगल्या आहेत. तुम्ही शाळेची रीत सांभाळा, मी तुम्हाला सांभाळतो."

मॅडमनी मान हलवली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी मला खांबापाशी थांबवलं.

"तृप्ती, तुझी तयारी असेल तरच हं."

"नसली तर?"

त्या रस्त्याकडं बघत राहिल्या. त्यांची एसटी साडेपाचची असायची.

"तर माझे तास बंद होतील बहुतेक. माझं काही नाही गं. पण बाकीच्या मुलींचं बघ ना. आत्ता कुठं त्या बोलायला लागल्यात. एक दोरा तर बांधायचाय. मी बळजबरी करत नाहीये, कळलं ना? तूच ठरवायचंस."

"बरं," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"हो मॅडम."

मी या वेळी हसले होते की नाही, ते मॅडमनी पाहिलं नाही.

राखी बांधली. ताटात कोयरी होती, तिच्यात बोट बुडवून मी सुयोग मगदूमच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याचं कपाळ घामानं ओलं होतं, कुंकू ओघळलं, पोरं हसली. माईकवरून कोळेकर सर म्हणाले, "आजपासून या बहिणीची जबाबदारी तुझी!" आणि टाळ्या पडल्या. मी नळावर जाऊन ते बोट दगडावर घासून घासून धुतलं. लाल जाता जाईना.

त्याच दिवशी संध्याकाळी सुयोग आमच्या दारात उभा. हातात पेढ्यांचा पुडा.

"काकू, मी तृप्तीचा भाऊ," तो आईला म्हणाला.

माझी आई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं त्याच्या मनगटावरची राखी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. आईचं नाव इंदुमती. चारचौघींत हसणारी, बोलणारी बाई. पण त्या वेळी तिच्या तोंडावरचं सगळं पुसून गेल्यासारखं झालं.

"कुठनं भाऊ?" तिनं मला विचारलं.

"शाळेत बांधली. हेडमास्तरांनी लावली बांधायला."

"का लावली?"

मी सांगितलं नाही. सुयोगच म्हणाला, "आमची शाळेची पद्धत हाय, काकू."

आईनं पुन्हा त्या राखीकडं पाहिलं. मग "बस," म्हणाली आणि आत गेली. आतून तिनं माझ्या धाकट्या बहिणीला हाक मारली, आणि तो जाईपर्यंत तिला बाहेर येऊ दिलं नाही.

तिथून पुढं तो आमच्या घरचाच झाला. एकाच वर्गात असून मला ताई म्हणायचा. शाळा सुटली की माझं दप्तर घ्यायचा, नको म्हटलं तरी घ्यायचा. दीपक कांबळेनं मला भूमितीची वही मागितली तर त्याला जिन्यात गाठून "माझ्या बहिणीशी बोलायचं काम न्हाई" म्हणाला. माझ्या मैत्रिणी कोण असाव्यात, ओढणी कशी घ्यावी, गॅदरिंगला नाचावं की नाही, सगळं तो ठरवायला लागला. आणि मनगट धरायचा. पूर्वी सायकल स्टँडमागं धरायचा, आता भर चौकात धरायला लागला. पानाच्या टपरीवरची माणसं बघायची आणि कौतुकानं म्हणायची, भावा-बहिणीचं भांडण चाललंय.

बाबांना सांगितलं. बाबा सूतगिरणीत पाळीवर असायचे, कानात सतत यंत्राचा आवाज. म्हणाले, "राखी तू बांधलीस नव्हं? मग त्यानं हात धरला तर काय बिघडलं?"

मॅडमना सांगितलं. नवरात्राच्या आसपासचा गुरुवार असेल.

"मॅडम, तो अजून हात धरतो."

"पण आता तर तो..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही, एवढी लाज त्यांना होती. "मी बोलते सरांशी," त्या म्हणाल्या.

बोलल्या असतील. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्या तासाला आम्हाला कवायत होती. कुणाच्या तरी पोरानं फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घेतली होती, ती आजोबांच्या हाती लागली, आजोबांनी चार माणसं गोळा केली. कोळेकर सरांनी मॅडमना सांभाळलं नाही. म्हणजे माझा दोराही गेला आणि मॅडमचे तासही गेले. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं तेवढं माझ्या हाती राहिलं, आणि ते रोज शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभं असायचं.

मग दिवाळी आली.

आमच्या घरी भाऊबीजेला दरवर्षी आनंदामामा यायचा. आईला सख्खा भाऊ नव्हता, त्या चौघी बहिणीच. आनंदामामा तिच्या माहेरच्या गल्लीतला, मानलेला भाऊ. तालेवार माणूस, मोठा आवाज, पांढरी कडक टोपी. येताना आईला साडी आणायचा, आम्हा पोरींना फटाके. आल्या आल्या "इंदे, पाट मांड!" म्हणून ओरडायचा. बाबांना त्याचं फार कौतुक. सख्खा करणार नाही एवढं करतो, म्हणायचे.

आई त्याला ओवाळायची. बाकीच्या बायका बोटानं कुंकू लावतात, आई उदबत्तीची जळून उरलेली काडी घ्यायची, तिचं टोक कुंकवात बुडवायची आणि हात लांब करून त्याच्या कपाळाला टेकवायची. लहानपणी मी विचारलं होतं, तर म्हणाली, "आमच्या माहेरची पद्धत हाय." त्याच्या साड्या ती नेसायची नाही. ट्रंकेत ठेवून द्यायची. "चांगल्या हाईत, सणाला नेसायच्या," म्हणायची. आमच्याकडं सण काय कमी होते? आणि मामा असेपर्यंत ती आम्हाला माजघरातून हलू द्यायची नाही. मला वाटायचं, पाहुण्यासमोर पोरींनी मिरवू नये म्हणून असेल. आईच्या वागण्याचा अर्थ लावायचं ते वय नव्हतं, आणि तशी गरजही कधी पडली नव्हती.

त्या वर्षी सोप्यात दोन पाट मांडले होते. एकावर आनंदामामा. दुसऱ्यावर सुयोग मगदूम, नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून. त्याला बाबांनीच बोलावलं होतं. "इतकी वर्षं पोरींना ओवाळायला कोण नव्हतं," म्हणाले.

मी माजघरात आईसमोर उभी राहिले.

"मी नाही ओवाळणार."

आई ताट लावत होती. सुपारी, अक्षता, निरांजन. तिनं मान वर केली नाही.

"आई, हा तोच आहे. हा मला धरायचा. अजून धरतो."

"ठाऊक हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय," आई म्हणाली. "असल्या पोराला उगंच का कोण भाऊ करतंय?"

तिनं फळीवरनं उदबत्तीचं घर काढलं. त्यातली एक जळकी काडी उपसली, तिचं टोक पदराला पुसलं आणि माझ्या ताटात, कोयरीशेजारी ठेवली. आपल्या ताटात तिनं आधीच एक ठेवलेली होती.

"हे बघ," ती अगदी हळू बोलायला लागली. असं माझ्याशी ती फक्त पहिल्यांदा मला पाळी आली तेव्हा बोलली होती. "बोट लावायचं न्हाई. काडीनं लावायचं. पुढं वाकायचं न्हाई, हात लांब करायचा. त्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, निरांजनाकडं बघायचं. वातीकडं बघत राहिलं की पलीकडचं काय दिसत न्हाई. तीनदा ओवाळून झालं की लगेच मागं सरायचं. त्यो पाया पडाय लागला तर पाय मागं घ्यायचा. आनि घरात कवा एकटी असलीस तर दार उघडायचं न्हाई, आतनं सांगायचं, बाबा झोपल्यात म्हणून. कळलं? होऊन जातंय."

शरीर, संमती, नकार, विश्वासातलं माणूस. मॅडमनी इतके गुरुवार आम्हाला जे शिकवलं, त्यावर माझ्या आईनं चुलीशी उभं राहून घेतलेला हा तास. फळा नाही, आकृती नाही. आणि धडा अख्खा पाठ.

"तुला हे कसं येतं?" मी विचारलं.

सोप्यातून आवाज आला, "इंदे, अगं निरांजन तिथंच इझवतीस काय?" आणि आईच्या हातातलं ताट हललं. अक्षता जरा सांडल्या. मी ते पाहिलं आणि मला सगळं कळलं. त्या काड्या, त्या साड्या, आमचं माजघरात बसणं.

आई पुढं गेली. तिनं काडीनं कुंकू लावलं, हात लांब करून ओवाळलं, तीनदा, आणि मागं सरली. तिचे डोळे वातीवर होते. इतकी वर्षं मी ते भक्तीनं चाललंय असं समजत होते.

"आता तू," बाबा मला म्हणाले.

मी ताट घेऊन पाटासमोर उभी राहिले. सुयोगनं कपाळ पुढं केलं. तो हसत होता. मी ताट खाली ठेवलं.

"नाही."

"काय न्हाई?" बाबा म्हणाले.

"मी ओवाळणार नाही. हा माझा भाऊ नाही. यानं आमच्या घरी यायचं नाही."

"का गं? झालं काय?"

"नाही म्हणजे नाही."

सुयोगचं तोंड पडलं. वर्गात पेन्सिल मागताना पडलं होतं तसंच, पण या वेळी त्याला 'पण हसली की' म्हणता येत नव्हतं. आनंदामामा आधी खोकला, मग मोठ्यानं म्हणाला, "इंदे, पोरीला वळण न्हाई लावलंस. भाऊ म्हटलं की भाऊ. तुझ्या वेळी असं कवा झालतं काय?"

आईनं माझ्या थोबाडीत मारली.

त्याआधी तिनं मला कधी मारलं नव्हतं. कान सुन्न झाला. मी ताटाकडं बघत उभी राहिले. निरांजन जळत होतं. काडी मी उचलली नाही. आईनं पुन्हा हात उगारला, आणि तो तसाच वर राहिला. मग खाली आला. सुयोग पाटावरून उठला, चपला पायात सरकवल्या आणि ओवाळणीचं पाकीट हातातच ठेवून निघून गेला. पुन्हा आमच्या दारात तो कधी आला नाही. शाळेत त्यानं सांगितलं की मी चांगल्या घरची पोरगी नाही, आणि दहावी होईपर्यंत मला त्या वर्गात एकटीनं बाकावर बसावं लागलं. पण त्यानं माझं मनगट पुन्हा धरलं नाही.

मामा जेवून गेला. पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

तो गेल्यावर आई ट्रंकेपाशी बसली. नवी साडी ठेवायला तिनं ट्रंक उघडली होती. आत साड्यांची चळत होती. हिरवी, जांभळी, डाळिंबी, एकीचीही घडी मोडलेली नव्हती. मी दारात उभी होते. गालावर बोटं उमटलेली.

"सातवीत होते मी," आई साड्यांकडं बघत म्हणाली. "विहिरीच्या वाटंला धरायचा. मी अण्णांना, तुझ्या आज्याला, सांगितलं. अण्णांनी काय केलं, राखी आणली. म्हणाले, गल्लीत बोभाटा नको, आनि तुम्हा चौघींना भाऊ न्हाई, आयता भाऊ मिळतोय. मी न्हाई म्हटलं. मलाबी अशीच बसलीती."

"मग?"

"मग बांधली." तिनं साडी चळतीवर ठेवली आणि हातानं दाबली. "माझा हात उठला तुझ्यावर. का उठला मला कळंना. त्यो म्हणाला, तुझ्या वेळी असं झालतं काय, आनि माझा हात उठला."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला तिचा राग आला होता आणि तिची दया येत होती, आणि दोन्हीतलं काय आधी येतंय ते मला समजत नव्हतं. अजूनही नीटसं समजत नाही.

"आता तूपण नाही म्हण," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नको मांडू पाट."

आईनं ट्रंक लावली. "तुझ्या बाबांना काय सांगू?" म्हणाली. "इतकी वर्षं झाली. आता न्हाई म्हटलं की कारण विचारतील."

मॅडमचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. ज्या बाईंनी ते शिकवलं त्यांनाही ते निभावता आलं नव्हतं, तर आईला मी काय तोंडानं सांगणार होते?

मामा पुढल्या वर्षी आला. त्याच्या पुढल्याही. पाट मांडला गेला. मी त्या दिवशी घराबाहेर राहायला लागले, आणि पुढं नोकरीनिमित्त गावच सोडलं. आई काडी घेऊन ओवाळत राहिली. ट्रंक भरली तेव्हा बाबांनी तिला दुसरी घेऊन दिली.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा मागं राहिले; म्हणजे सवाष्ण गेली, सोनं झालं, असं बायका म्हणाल्या. आंघोळ घातली आणि कुणीतरी विचारलं, "माहेरचं लुगडं आलं का?" आमच्याकडं त्याशिवाय बाईला उचलत नाहीत. भावानं आणायचं असतं.

आनंदामामा आला. म्हातारा झालेला, काठी टेकत. काखेत हिरवी साडी. अंगणात बसून तो मोठ्यानं रडला, "माझी बहीण गेली!" म्हणाला. लोकांचे डोळे पाणावले.

बायकांनी साडीची घडी मोडली.

"नाही," मी म्हटलं.

"काय न्हाई, बाई?" शेजारच्या भागीरथीकाकू म्हणाल्या.

"ती साडी नेसवायची नाही. ती कधी नेसली नाही त्याची साडी. तिची जुनी नेसवा."

"अगं, भावाचं लुगडं हाय. असं कसं चालंल? का न्हाई?"

मी आईकडं पाहिलं. कारण माझ्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर गावानं तिला साडीच्या जागी ती गोष्ट नेसवली असती, आणि ती तशीच गेली असती.

"नाही म्हणजे नाही," एवढंच मी म्हटलं.

"पोरगी दुःखानं भरमिटलीया," काकू हळूच म्हणाल्या. "हिला जरा बाजूला घ्या गं." दोघींनी माझे दंड धरले. मायेनं धरले, पण सोडले नाहीत. बहीण भिंतीशी बसून रडत होती. बाबा काहीच न कळून सगळ्यांकडं बघत होते. माझ्यासमोर बायकांनी आईला मामाची साडी नेसवली. ती पहिल्यांदाच नेसली. नवी कोरी, हिरवीगार. पदर नीट केला आणि म्हणाल्या, बघा कशी शोभून दिसतीया.

मग मला सोडलं. काकूंनी कुंकवाचा करंडा माझ्यापुढं धरला. "थोरली लेक तू. मळवट तू भर."

मी गुडघे टेकून तिच्याजवळ बसले. खाली वाकले, अगदी जवळ. आणि बोटानं कुंकू लावलं.